कॅफेसारखा गार हर्बल चहा घरी: लाल अंबाडी, गवती चहा आणि बर्फाचा हिशोब

कॅफेत उंच ग्लासात मिळणारा माणकासारखा लाल, आंबटगोड 'हर्बल आइस्ड टी' अनेकांना आवडतो, पण घरी केला की तो पाणचट होतो. त्यात चहाची पत्ती नसते. बहुतेक वेळा लाल अंबाडीची वाळवलेली आंबट बोंडं, गवती चहा, थोडं फळ आणि एखादा मसाला एवढाच ऐवज असतो. स्टारबक्सचं 'पॅशन टँगो' हे मिश्रण याच घराण्यातलं: हिबिस्कस (म्हणजे हीच अंबाडी), गवती चहा, सफरचंद. यातली एकही गोष्ट मराठी स्वयंपाकघराला परकी नाही. कॅफेचं वेगळेपण आहे ते पद्धतीत. तिथं चहा मुद्दाम दुप्पट कडक काढतात आणि मग बर्फासोबत हलवून देतात. घरी आपण नेहमीच्या प्रमाणात चहा करतो आणि वरून बर्फ टाकतो. सगळा फरक इथंच पडतो.

म्हणून साहित्याच्या आधी बर्फाबद्दल बोलू.

बर्फ हे पाणीच आहे, ते मोजा

एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो. अर्धा लिटर चहा ८० अंश सेल्सिअसला असताना त्यात बर्फ टाकून तो ५ अंशांपर्यंत आणायचा, तर सुमारे ४४० ग्रॅम बर्फ पूर्ण वितळतो. म्हणजे अर्ध्या लिटरचा जवळजवळ एक लिटर होतो. चहा नेहमीइतकाच कडक असेल तर तुमच्या हातात निम्म्या ताकदीचं पाणी येतं. तोच चहा आधी ३० अंशांपर्यंत निववला, तर दीडशे ग्रॅम बर्फ पुरतो.

यातून दोन रस्ते निघतात. पाहुणे दारात आहेत आणि वेळ नाही, तर कडक अर्क काढून तो गरम असतानाच जवळपास तेवढ्याच वजनाच्या बर्फावर ओता; पाच मिनिटांत काम होतं. वेळ असेल तर अर्क निववून, फ्रीजमध्ये गार करून मग ग्लासागणिक पेय बनवा. माझं मत दुसऱ्या रस्त्याच्या बाजूनं आहे. बर्फ कमी लागतो, तो ग्लासात टिकतो आणि शेवटच्या घोटालाही चव राहते.

कोणतं 'हिबिस्कस'?

नवख्या माणसाची सर्वात मोठी गफलत इथं होते. हिबिस्कस म्हटलं की आपल्याला गणपतीला वाहायची जास्वंद आठवते. तिच्या पाकळ्या खाण्याजोग्या असतात, गरम पाण्यात रंगही सोडतात, पण त्यांना आंबटपणा जवळजवळ नसतो. कॅफेच्या चहात वापरतात ती लाल अंबाडी, शास्त्रीय नाव हिबिस्कस सब्दारिफा. तिचं फूल फिकट पिवळसर आणि मध्यभागी गडद असतं. फूल गळून पडलं की त्याच्या बुडाशी असलेलं आवरण मांसल आणि गडद लाल होतं. हे आवरण म्हणजेच चहाचा जीव. आत हिरवं बीजकोष असतं, ते काढून टाकतात आणि लाल आवरणं वाळवतात.

ही बोंडं जगभर प्यायली जातात. इजिप्त आणि सुदानमध्ये त्यांच्या पेयाला 'करकदे' म्हणतात आणि ते गरमही पितात, गारही. सेनेगलमध्ये ते 'बिसाप', मेक्सिकोत 'आग्वा दे हमाइका'. आपल्याकडे अंबाडी म्हणजे आधी पालेभाजी. तांदळाच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी आणि सोबत ज्वारीची भाकरी. विदर्भात मात्र बोंडांची चटणी आणि सरबतही करतात. कॅफेतल्या त्या ग्लासाचा जवळचा नातेवाईक शोधायचा असेल तर तो या सरबतात सापडेल.

ताजी बोंडं हिवाळ्यात मिळतात. शेतकरी बाजारात दिसली तर भरपूर घ्या, बीजकोष काढा, सुती कापडावर सावलीत किंवा कोवळ्या उन्हात कडक वाळवा आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. वर्षभराची सोय होते. ताजीच वापरायची असतील तर वजन आठ-दहापट धरा, कारण त्यांच्यात बहुतांश पाणीच असतं. विकतची वाळलेली घेताना अख्खी, गडद तांबडी, हाताला किंचित चिवट लागणारी पाहून घ्या. तपकिरी पडलेली, वास न येणारी जुनी असतात. पूड शक्यतो घेऊ नका. गाळली तरी पेय गढूळ राहतं. पाकिटावर नुसतं 'हिबिस्कस' लिहिलं असेल तर आतल्या वस्तूचा आकार बघा. पातळ, कागदासारख्या पाकळ्या असतील तर ती जास्वंद. जाड, बोटांसारखे फाटे असलेले तुकडे असतील तर अंबाडी.

काय काय लागेल

चार मोठ्या ग्लासांसाठी:

पाणी ६०० मिलिलिटर, वाळलेली लाल अंबाडी १८ ग्रॅम, गवती चहाची ताजी पाती ४ ते ५, अर्ध्या सफरचंदाच्या पातळ फोडी, सालासकट, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, संत्र्याच्या सालीची एक पट्टी, आतला पांढरा भाग खरवडून, चिमूटभर मीठ.

पाकासाठी साखर २०० ग्रॅम आणि पाणी २०० मिलिलिटर.

शिवाय बर्फ, लिंबू आणि ग्लासात घालायला गार पाणी.

वजनकाटा असेल तर उत्तम, कारण अंबाडीची बोंडं कधी फुगीर असतात, कधी चुरलेली, आणि वाटीचं माप फसवतं. काटा नसेल तर २४० मिलिलिटरच्या मापाचा अर्धा कप सैलसर भरून घ्या.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं. अंबाडी चांगलीच आंबट असते, त्यामुळे ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा कल्हई नसलेलं पितळ अजिबात नको. धातू कळकतो, चव बिघडते आणि ते पोटालाही बरं नाही. शेकर विकत आणायची गरज नाही. घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी तेच काम करते. गाळण्यासाठी बारीक गाळणी आणि मलमलचा एक स्वच्छ तुकडा ठेवा.

आधी पाक

साखर गार पाण्यात नीट विरघळत नाही, ग्लासाच्या तळाशी बसून राहते. म्हणून कॅफेत गोडीसाठी नेहमी द्रव पाक असतो. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन मंद आचेवर ठेवा, साखर विरघळून पाणी स्वच्छ दिसलं की लगेच उतरवा. तार येऊ द्यायची नाही. लाडवाचा पाक वेगळा. गार झाल्यावर बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला की दोन आठवडे छान राहतो. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, सुमारे ९ ग्रॅम साखर येते. हा आकडा लक्षात असला की गोडी ज्याच्या-त्याच्या ग्लासात बेतानं घालता येते. घरात मधुमेही कोणी असेल तर ही सोय फार मोलाची, कारण अर्क बिनसाखरेचाच राहतो.

मध वापरायचा असेल तर तो तितक्याच कोमट पाण्यात आधी सैल करून घ्या. गुळाचा पाक चालतो, पण त्यानं लाल रंग तपकिरीकडे झुकतो आणि गुळाची चव पुढे येते. गूळ घातलेलं पेय स्वतंत्रपणे सुरेख लागतं, फक्त ते कॅफेसारखं लागत नाही.

अर्क काढणं

१. पातेल्यात ६०० मिलिलिटर पाणी, दालचिनी आणि सफरचंदाच्या फोडी घालून उकळी आणा. उकळी फुटल्यावर झाकण ठेवून मंद आचेवर ५ मिनिटं. दालचिनीसारखं कठीण साल आणि फळ यांना उकळण्याची गरज असते.

२. गॅस बंद करा. आता अंबाडी, संत्र्याची साल आणि मीठ घाला. अंबाडी आचेवर खळखळ उकळू नका. रंग तर गडद येतो, पण चवीत जॅमसारखा शिजका वास आणि तुरटपणा येतो. ताज्या फळासारखी जी झणक हवी ती हरवते.

३. गवती चहाची पाती धुवून, हातानं चुरगाळून, त्यांची एक सैल गाठ बांधा आणि पाण्यात बुडवा. त्यांचा लिंबासारखा सुवास उडून जाणाऱ्या तेलात असतो, म्हणून झाकण ठेवणं इथं महत्त्वाचं. झाकण उघडं राहिलं तर घरभर सुंदर वास येईल आणि ग्लासात कमी.

४. झाकून ८ मिनिटं ठेवा. घड्याळ लावा. १० मिनिटांच्या पुढे आंबटपणा आणि तुरटपणा वाढत जातो.

५. मलमलमधून गाळा. बोंडं पिळू नका. पिळली की बारीक गाळ उतरतो आणि काचेसारखी पारदर्शकता जाते. निथळायला दोन मिनिटं द्या. बोंडं बरंच पाणी धरून ठेवतात, त्यामुळे ६०० मिलिलिटरमधून साधारण ५०० मिलिलिटर अर्क हाती लागेल. बोंडं टाकू नका, त्यांचा उपयोग शेवटी सांगते.

६. गाळलेल्या अर्काचं पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववा, मग बाटलीत भरून फ्रीजमध्ये.

चमचाभर अर्क चाखून बघा. तो नुसता प्यायला जड, जरा जास्तच आंबट वाटायला हवा. आत्ता 'छान' लागत असेल तर बर्फानंतर तो फिका पडणार.

मीठ कशाला, असं वाटेल. इतकं कमी मीठ खारट लागत नाही, ते कडवट-तुरट कडा बोथट करतं आणि फळाची चव वर आणते. लिंबूसरबतात आपण हेच करत आलो आहोत.

ग्लास भरताना

बरणीत १२० मिलिलिटर गार अर्क, ६० मिलिलिटर गार पाणी, २० मिलिलिटर पाक आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब घ्या. पाच-सहा बर्फाचे खडे टाका, झाकण घट्ट लावा आणि दोन्ही हातांनी धरून दहा-बारा वेळा जोरात हलवा. बरणी बाहेरून घामेजली की थांबा. आता उंच ग्लासात नवा बर्फ भरून त्यावर हे गाळून ओता. वर गुलाबी फेसाचा पातळ थर येईल. कॅफेच्या ग्लासात दिसतो तो हाच.

हलवण्यानं तीन गोष्टी साधतात: पेय झटकन आणि एकसारखं गार होतं, पाक तळाशी राहत नाही, आणि हवा मिसळल्यानं पेय जिभेला हलकं लागतं. चमच्यानं ढवळून हा परिणाम येत नाही. गरम अर्क मात्र बंद बरणीत कधीही हलवू नका. आत वाफेचा दाब वाढतो, झाकण उडून अंगावर येऊ शकतं; शिवाय गरम काच बर्फानं तडकते.

बर्फ कोणता, हेही पाहा. फ्रीजमध्ये उघडा पडलेला जुना बर्फ मासळी, कांदा, उरलेली आमटी सगळ्यांचा वास घेऊन बसलेला असतो आणि इतक्या नाजूक पेयात तो लगेच कळतो. उकळून गार केलेल्या किंवा गाळलेल्या पाण्याचा ताजा बर्फ, शक्यतो मोठ्या खड्यांचा. मोठा खडा हळू वितळतो. थोडा अर्क पाण्यात निम्मा करून त्याचाच बर्फ लावून ठेवलात तर पेय शेवटपर्यंत पातळ होत नाही. उन्हाळ्यात मी फ्रीजरमध्ये असा एक ट्रे भरलेला ठेवतेच.

काही बिघडलं तर

रंग लाल न येता मळकट जांभळा आला, तर दोष पाण्याचा. अंबाडीतलं रंगद्रव्य आम्लात लाल आणि अल्कधर्मी पाण्यात जांभळट-निळसर होतं. बोअरचं अल्कधर्मी पाणी वापरलं की असं होऊ शकतं. लिंबाचे थेंब पिळले की रंग डोळ्यांदेखत परत येतो. पुढच्या वेळी पाणी बदला.

फार आंबट झालं तर साखर वाढवत बसू नका, आधी पाणी वाढवा. आंबटपणा साखरेनं झाकायला गेलं की पेय पाकासारखं होतं. पाणचट झालं तर पुढच्या खेपेला भिजवण्याची वेळ वाढवू नका, अंबाडी वाढवा. हा नियम सगळ्या वनस्पतींच्या चहाला लागू आहे: ताकद प्रमाणातून आणायची, वेळेतून नाही.

गढूळपणा आला तर पूड किंवा पिळणं यांपैकी एक कारण असतं. साध्या काळ्या चहाच्या आइस्ड टीत गढूळपणा वेगळ्या कारणानं येतो. तो घाईनं गार केला की त्यातली टॅनिनसारखी द्रव्यं आणि कॅफीन एकमेकांना धरून साका तयार होतो. अंबाडीत कॅफीन नसल्यामुळे ही भीती नाही. जाता जाता: १९०४च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात भारतीय चहाच्या प्रचारासाठी गेलेल्या रिचर्ड ब्लेचिंडेन यांनी उकाड्यामुळे गरम चहा कोणी घेईना म्हणून त्यात बर्फ घातला आणि आइस्ड टी जन्मला, अशी गोष्ट सांगतात. पण अमेरिकेत गार चहाच्या कृती १८७०च्या दशकातच छापल्या गेल्या होत्या. प्रदर्शनानं त्याला गर्दीपर्यंत नेलं, एवढं खरं.

दूध यात घालू नका. आंबटपणानं फाटतं.

त्याच पद्धतीनं आणखी काही

पद्धत हाती आली की वनस्पती बदलता येते. आलं आणि गवती चहा हे सर्वात सोपं: ठेचलेलं आलं ५ मिनिटं उकळा, गॅस बंद करून भरपूर गवती चहा घाला, आणि लिंबू मात्र गार झाल्यावर. पुदिना गरम पाण्यात काळवंडतो, म्हणून तो अर्कात न शिजवता हलवतानाच बरणीत हातानं चुरून टाका. कॅमोमाइल (चहासाठी वाळवलेली एक प्रकारची फुलं) एकटं गार केलं की फिकं वाटतं; त्याला सफरचंद आणि मधाची साथ लागते.

पॅशन फ्रूटचा गर मिळाला तर अंबाडीच्या ग्लासात एक चमचा बियांसकट घाला. त्याच्याइतकी जुळणारी दुसरी जोड मला माहीत नाही.

दुरंगी ग्लास करायचा असेल तर जड द्रव खाली ठेवायचा. तळाशी लिंबाचा रस, पाक आणि थोडं पाणी. त्यावर ग्लास काठोकाठ बर्फ. आणि वरून बिनसाखरेचा अंबाडीचा अर्क बर्फाच्या खड्यावर अगदी हळू सोडायचा. साखरेचं पाणी जड असल्यामुळे खालीच राहतं आणि वर लाल थर तरंगतो. गोकर्णाच्या फुलांचा निळा अर्क वापरलात तर जिथं लिंबाला भिडतो तिथं जांभळी रेघ उमटते. मुलांना हे करून दाखवा, ती पुन्हा पुन्हा मागतात. गोकर्णाला स्वतःची चव मात्र फारशी नसते, तेव्हा त्याच्या पाण्यात आलं किंवा गवती चहा हवाच.

साठवण आणि जपून राहण्याच्या गोष्टी

साधा अर्क फ्रीजमध्ये चार दिवस नीट राहतो. फळांच्या फोडी आत राहू दिल्या तर त्याच दिवशी संपवा. वर साय धरल्यासारखं दिसलं, तार सुटली किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या.

गार पाण्यात रात्रभर भिजवूनही अर्क निघतो आणि तो कमी तुरट, जास्त कोवळा लागतो. पण उकळतं पाणी जंतू मारतं, गार पाणी मारत नाही. म्हणून असा अर्क केवळ फ्रीजमध्येच, दहा-बारा तास, आणि दोन दिवसांत संपवायचा. बाटली उन्हात ठेवून 'सूर्यचहा' करण्याची पद्धत टाळा. ते कोमट तापमान जंतूंना फार मानवतं.

अंबाडीनं रक्तदाब थोडा उतरू शकतो; रक्तदाबाची औषधं चालू असतील तर रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात ती टाळलेलीच बरी. ज्येष्ठमध काही तयार मिश्रणांत असतं, आणि ते जास्त प्यायल्यानं रक्तदाब वाढतो, तेव्हा पाकिटावरचं साहित्य वाचून घ्या. कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातलं आहे. त्या फुलांची ॲलर्जी असणाऱ्यांनी जपावं.

आता त्या निथळलेल्या बोंडांबद्दल. त्यांच्यात आंबटपणा आणि गर दोन्ही शिल्लक असतात. दालचिनी, साल आणि गवती चहा वेचून काढा, बोंडं बारीक चिरा, दोन चमचे तेलात जिरं आणि लसूण तडतडवून त्यात परता, मग लाल तिखट, मीठ आणि लिंबाएवढा गूळ घालून पाणी आटेपर्यंत शिजवा. ही चटणी भाकरीबरोबर उत्तम लागते. फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा.